पुशबटनाचं एलिमेंट बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूजला आमचं पॅनल बांधायचं आणि दुरुस्तीचं काम चालतं. दिवसातून दोन-चार फोन तरी याच एका गोष्टीसाठी येतात. हिरवं बटण दाबलं तरी मशीन उचलत नाही, किंवा लाल दाबलं तरी बंद होत नाही. पहिल्या तक्रारीला लोक रात्री बारा वाजता फोन करतात. दुसरीला म्हणतात, "येताल तेव्हा बघून घ्या, सध्या मेन स्विचवरून बंद करतोय." आम्ही मात्र दुसऱ्यासाठी आधी गाडी काढतो.

जालन्याच्या रोलिंग मिलवाल्यांचे, लातूरच्या डाळ मिलवाल्यांचे, जिनिंगवाल्यांचे आणि इथल्या प्रेस शॉपवाल्यांचे प्रश्न खाली मिसळून टाकले आहेत. आपल्या कामाचं तेवढं उचला.

एलिमेंट म्हणजे नक्की काय? अख्खं बटण नाही का?

नाही. पॅनलच्या दारावर बाहेरून दिसतं ते बटणाचं डोकं. ते दाराच्या २२.५ मिलिमीटरच्या भोकातून आत येतं आणि मागून नट किंवा कॉलरने आवळलेलं असतं. त्या कॉलरला मागून टक्कन बसणारा, काडेपेटीहून लहान ठोकळा म्हणजे एलिमेंट. कॅटलॉगमध्ये त्याला काँटॅक्ट ब्लॉक म्हणतात, दुकानात एलिमेंट मागितलं की मिळतं.

आत फार काही नसतं. एक दांडी, एक स्प्रिंग, आणि दोन्ही टोकांना चांदीच्या मिश्रधातूचे टिकले बसवलेली एक आडवी पट्टी. बटण दाबलं की दांडी पट्टीला ढकलते आणि सर्किट जुळतं किंवा तुटतं. वायरी जातात त्या एलिमेंटला. बटणाच्या डोक्याचा विजेशी काही संबंध नाही, ते फक्त धक्का द्यायचं काम करतं.

मग बिघाड डोक्यात आहे की एलिमेंटमध्ये, हे कसं ओळखायचं?

सप्लाय बंद करून एलिमेंट कॉलरवरून सोडवा, मल्टिमीटर बझरवर लावा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्याची दांडी दाबा. दहा वेळा दाबा, एकदा नाही. दहाही वेळा बझर स्वच्छ वाजला आणि स्वच्छ थांबला, तर एलिमेंट ठीक आहे. मग डोकं अडकतंय. साखर कारखान्यात रसाचा चिकटा, मशीन शॉपमध्ये कूलंट आणि बर (धातूचा कीस), जिनिंगमध्ये रुई, कारण जागेप्रमाणे बदलतं. बझर कधी वाजतोय कधी नाही असं झालं, तर एलिमेंट गेलं. डोकं शाबूत असताना अख्खं बटण बदलायची गरज नाही. दाराचा नट सोडा, मार्किंगची पट्टी काढा, पुन्हा सरळ बसवा, हा उद्योग वाचतो आणि पैसेही वाचतात.

बझर वाजतो, तरी मशीन चालू होत नाही. असं कसं?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा अर्धा दिवस डोकं लावून आलेला असतो.

मल्टिमीटर बझरवर असताना अगदी मामुली करंट सोडतो. घासलेल्या, काळ्या पडलेल्या टिकल्याच्या एखाद्या टोकातूनही तेवढा जातो आणि मीटर म्हणतो सगळं ठीक. पण काँटॅक्टरची (बटणाच्या सांगण्यावरून मोटारीचा सप्लाय जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल ओढली जाताना क्षणभर बराच जास्त करंट मागते. साधा ९ अँपिअरचा एसी काँटॅक्टर घ्या. धरून ठेवायला त्याला ७-८ व्हीए (व्होल्ट-अँपिअर) पुरतात, पण ओढून घेताना तो ७० व्हीएच्या आसपास मागतो. नेमकं त्याच क्षणी खराब टिकला माघार घेतो, कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही आणि काँटॅक्टर फडफडतो.

खरी परीक्षा चालू सप्लायवर होते. ती ज्याला चालू पॅनलमध्ये हात घालायचा परवाना आणि सवय आहे त्यानेच करावी. बटण दाबून धरायचं आणि जुळलेल्या काँटॅक्टच्याच दोन स्क्रूंवर व्होल्टेज मोजायचं. चांगल्या काँटॅक्टवर जवळपास शून्य दिसतं. पाच-दहा-वीस व्होल्ट दिसले, तर ते कॉइलऐवजी एलिमेंटमध्ये मुरत आहेत. बझरवर पास झालेली कितीतरी एलिमेंट इथे नापास होतात.

एनओ आणि एनसी यात माझा नेहमी घोटाळा होतो. सोप्यात सांगा.

न दाबता उघडा तो एनओ, न दाबता जुळलेला तो एनसी. स्टार्टला एनओ, स्टॉपला एनसी. नंबर बघा: स्क्रूजवळ ३ आणि ४ ने संपणारे आकडे असले तर एनओ, १ आणि २ ने संपणारे असले तर एनसी. १३-१४ एनओ, २१-२२ एनसी. पहिला आकडा फक्त जागा सांगतो, काम सांगतो दुसरा. काही ठोकळ्यांवर नुसतं ३-४ किंवा १-२ एवढंच छापलेलं असतं. एक्स१-एक्स२ दिसलं तर तो दिव्याचा ठोकळा, त्याला काँटॅक्ट समजून वायर लावू नका.

रंगही सांगतो, बऱ्याच कंपन्यांत एनओ हिरवा आणि एनसी लाल. पण आपण नंबरच बघावा. पॅनलमधला उजेड आणि वयाने पिवळं पडलेलं प्लास्टिक, दोन्ही दगा देतात.

कॅटलॉग नंबरात १० आणि ०१ असतं, ते काय?

बऱ्याच ठिकाणी पहिला आकडा एनओ किती आणि दुसरा एनसी किती ते सांगतो. एबीबीचं एमसीबी-१० म्हणजे एक एनओ, एमसीबी-०१ म्हणजे एक एनसी. ईटनचं एम२२-के१० आणि एम२२-के०१ तसंच. अ‍ॅलन-ब्रॅडलीचं ८००एफ-एक्स१० आणि एक्स०१ तसंच.

आणि इथेच पोरं फसतात. श्नायडरचं झेडबीई१०१ म्हणजे एनओ आणि झेडबीई१०२ म्हणजे एनसी. तिथे शेवटचा १ बघून कुणी "०१ म्हणजे एनसी" असा हिशोब लावला की स्टॉपच्या जागी एनओ बसतो. मग मशीन चालूच होत नाही, आणि चालू करायच्या नादात कुणीतरी स्टॉपलाच लूप मारून (वायरने कायमचा जोडून) ठेवतं. फोनवर नंबर सांगताना सोबत "एनओ" किंवा "एनसी" हा शब्दही सांगा. दुकानदाराने पुन्हा म्हणून दाखवला तरच फोन ठेवा.

भोक सगळ्यांचं २२.५ मिलिमीटरचंच आहे. मग एका कंपनीचं एलिमेंट दुसरीच्या बटणाला का चालत नाही?

भोकाचं माप ठरलेलं आहे, मागच्या खटक्याचं नाही. प्रत्येक कंपनीची कॉलर वेगळी, खटका वेगळा, दांडीची लांबी वेगळी आणि डोकं किती आत येतं तेही वेगळं. जबरदस्तीने बसवलेलं दिसायला बसतं, पण दाबल्यावर दांडी पूर्ण जात नाही किंवा सोडल्यावर पूर्ण परत येत नाही. अर्धवट जुळलेला काँटॅक्ट ठिणगी मारत राहतो आणि जळतो.

एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक असतो, आणि कधी नसतोही. श्नायडरच्या धातूच्या एक्सबी४ आणि प्लास्टिकच्या एक्सबी५ या दोन्हींना झेडबीईचेच ठोकळे चालतात, मात्र कॉलर वेगवेगळी लागते. हे माहीत नसल्याने एका गिऱ्हाईकाने दोन डब्यांत तेच एलिमेंट दोनदा भरून ठेवलं होतं, एकावर "मेटल" आणि दुसऱ्यावर "प्लास्टिक" अशी चिठ्ठी लावून.

जुन्या मशीनवर ३०.५ मिलिमीटरचं भोक निघालं तर मोठ्या मापाची बटणं शोधावी लागतात. नाहीतर भोक लहान करणारी रिंग टाकून २२ चं बसवता येतं.

एलिमेंटवर "१० अँपिअर" लिहिलंय. मग छोटी मोटार थेट त्यावरून चालवली तर काय बिघडतं?

खूप बिघडतं. तो १० चा आकडा म्हणजे न उघडता-मिटता, नुसता करंट वाहत राहिला तर एलिमेंट किती सोसेल तो. उघडमीट करायचा आकडा वेगळा असतो आणि तो बारीक अक्षरात शेजारीच छापलेला असतो. एसी-१५ म्हणजे काँटॅक्टरच्या कॉइलसारखा एसी लोड. ए६०० वर्गाच्या एलिमेंटला तिथे २४० व्होल्टला ३ अँपिअरच मिळतात. डीसी-१३ म्हणजे डीसी कॉइल, सोलेनॉइड (दांडी ओढणारी कॉइल) वगैरे. तिथे क्यू६०० वर्गाला २५० व्होल्टला अवघे ०.२७ अँपिअर.

डीसीला इतकं कमी का? एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी आपोआप विझते. डीसीला तो शून्य येतच नाही. ठिणगी लांबत जाते आणि टिकला खाते. म्हणून २४ व्होल्ट डीसीच्या सोलेनॉइडला उलटा डायोड लावा, एसी कॉइलला आरसीचा (रेझिस्टर-कपॅसिटरचा) सर्ज सप्रेसर लावा. एलिमेंटचं आयुष्य किती वाढतं ते तुम्हालाच दिसेल.

मोटार थेट बटणावरून चालवायची नसते. बटणाने काँटॅक्टरला सांगायचं, मोटार काँटॅक्टरने ओढायची. आपल्याकडे कडबाकुट्टी आणि पिठाच्या गिरण्यांवर उलटे प्रकार बघितलेत, म्हणून सांगतोय.

शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरचं हिरवं-लाल बटण जातं, त्याला हेच एलिमेंट बसतं का?

बहुतेक वेळा नाही. डीओएल (मोटार थेट लाइनवर चालू करणाऱ्या) स्टार्टरच्या डब्यावरचं लाल बटण पुष्कळदा आतल्या ओव्हरलोड रिलेच्या दांडीलाच दाबतं, आणि हिरव्याची पट्टी स्टार्टरच्या मांडणीतलीच असते. त्याचे सुटे भाग स्टार्टरच्या मॉडेलप्रमाणे घ्यावे लागतात. सबमर्सिबलच्या पॅनलवर वेगळी पुशबटनं बसवलेली असतील तर मात्र हाच सगळा हिशोब लागू होतो. एक गोष्ट विचारतो: बटण "गेलं" म्हणता, पण तिन्ही फेज आले होते का? सिंगल फेज प्रिव्हेंटरने अडवलेल्या स्टार्टरचं बटण उगीच बदलणारे पुष्कळ आहेत.

पीएलसीच्या मशीनवर नवं एलिमेंट टाकलं, तरी कधीमधी बटण "लागत" नाही.

इथे गणित उलटं आहे. कॉइलला करंट जास्त लागतो म्हणून टिकला जळतो. पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) इनपुटला २४ व्होल्टवर पाच-सात मिलिअँपिअर पुरतात, आणि एवढ्या किरकोळ करंटला टिकल्यावरची धूळ किंवा काळा थर फोडून जाता येत नाही. कॉइलच्या सर्किटमध्ये छोटी ठिणगीच टिकला साफ ठेवत असते. पीएलसीत ती नाही. म्हणून वर्षानुवर्षं कॉइल ओढत असलेलं जुनं एलिमेंट काढून पीएलसीच्या इनपुटला लावू नका, त्याचे टिकले खडबडीत झालेले असतात. धुळीच्या जागी हलक्या करंटसाठी केलेली, सोन्याचा पातळ मुलामा दिलेली एलिमेंट येतात, ती घ्या. आणि ती चुकूनही कॉइलच्या सर्किटमध्ये टाकू नका. पहिल्या काही ठिणग्यांतच सोनं उडून जातं आणि पैसे पाण्यात.

इमर्जन्सी स्टॉप दाबला आणि मशीन थांबलंच नाही. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. मी स्वतः उभा राहून बघितलंय.

जालना रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये हंगामाच्या ऐन भरात गेलो होतो, दुसऱ्याच कामासाठी. प्रेसजवळच्या मामांनी रुई अडकली म्हणून लाल मशरूम बटण दाबलं. बटण आत गेलं, अडकून राहिलं, जसं राहायला हवं तसं. प्रेस चालूच. मामांनी पुन्हा बुक्की मारली. प्रेस चालूच. शेवटी पोरगा पळत जाऊन मेन पाडून आला. पॅनलचं दार उघडलं तर एनसी एलिमेंट कॉलरवरून निसटून स्वतःच्याच वायरींवर लोंबकळत होतं. प्रेसच्या थरथरीने खटका सुटला होता. एलिमेंटमध्ये काडीचा दोष नव्हता. ते आपलं काम करत होतं: कुणी दाबत नाही, म्हणून जुळलेलं. डोकं एकीकडे दाबलं जात होतं आणि काँटॅक्ट दुसरीकडे निवांत.

मामांचा हात वाचला, कारण त्यांनी बटणावर भरवसा न ठेवता हात आधीच मागे घेतला होता. किती दिवस ते एलिमेंट तसं लोंबकळत होतं, कुणालाच माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी मशीन साध्या स्टॉप बटणाने बंद व्हायचं, इमर्जन्सीला कुणी हात लावत नव्हतं.

म्हणून इमर्जन्सी स्टॉपसाठी तीन गोष्टी बघतो. पहिली, एनसी एलिमेंटवर वर्तुळात बाण असलेलं चिन्ह हवं. त्याचा अर्थ टिकले चिकटले तरी दांडीच्या जोराने ते ओढून वेगळे केले जातात, नुसत्या स्प्रिंगच्या भरवशावर सोडलेले नसतात. दुसरी, बटण आयएसओ १३८५० आणि आयईसी ६०९४७-५-५ प्रमाणे दाबल्यावर अडकून राहणारं हवं, डोकं लाल आणि मागची चकती पिवळी. तिसरी, जिथे थरथर आहे तिथे सेल्फ-मॉनिटरिंग एलिमेंट घ्या. त्यात एनसीच्या सिरीजमध्ये आणखी एक काँटॅक्ट असतो. ठोकळा कॉलरवर नीट बसलेला असेल तरच तो जुळलेला राहतो, ठोकळा निसटला की उघडतो आणि मशीन आपोआप थांबतं. म्हणजे मामांच्या मशीनवर ते असतं, तर खटका सुटला त्याच मिनिटाला प्रेस बंद पडली असती आणि शेठने मला शिव्या घालत फोन केला असता. तो फोन परवडला.

आणि आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक इमर्जन्सी दाबून बघा. मशीन थांबायला हवं. बटण फिरवून सोडल्यावर ते आपोआप सुरू होता कामा नये, पुन्हा स्टार्ट दाबल्यावरच सुरू व्हायला हवं. धोक्याच्या वेळी वीज तोडायचं साधन प्रत्येक कामाच्या खोलीत असावं, ही अट १९४८ च्या कारखाने अधिनियमातच, कलम २४ मध्ये घातलेली होती. नुसतं साधन असावं एवढंच नाही, ते चालू स्थितीत राखावं असंही.

स्टॉपला एनसीच का? एनओ लावून रिले घेऊन जमवता येईल की.

जमेल. आणि ज्या दिवशी उंदीर वायर कुरतडेल त्या दिवशी स्टॉप मेलेला असेल आणि कुणाला कळणार नाही. एनसीची वायर तुटली तर मशीन बंद पडतं, ओरड होते, दुरुस्त होतं. एवढं एकच कारण पुरे.

एलिमेंट लवकर लवकर का जातात? दर हंगामात बदलतोय.

मग एलिमेंट बदलणं थांबवा आणि पॅनलची भोकं बघा.

एक हिशोब करू. चांगल्या बटणाचं यांत्रिक आयुष्य दाबण्यांत मोजतात, मालिकेप्रमाणे दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. प्रेस शॉपमध्ये दोन हातांच्या बटणांवर मिनिटाला दहा स्ट्रोक धरले तर तासाला ६००, आठ तासांच्या पाळीला ४,८००, तीनशे दिवसांत १४,४०,०००. तिथे एलिमेंट खरोखर झिजून मरतं, ते वेळापत्रक लावून बदलायला हवं. पण जिनिंगचं किंवा डाळ मिलचं बटण दिवसातून दहा वेळा दाबलं जातं. वर्षाला तीन हजार. ते झिजून मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं.

कोण मारतं? धूळ आणि पाणी. बटणावर आयपी६५, आयपी६७ (धूळ-पाणी अडवायचा दर्जा) लिहिलेलं असतं ते दाराच्या बाहेरच्या बाजूचं. आतलं एलिमेंट जवळपास उघडंच असतं, बोट आत जाऊन शॉक लागू नये एवढाच आडोसा. पॅनलच्या वरच्या बाजूला ग्लँडशिवाय (केबलभोवती भोक बुजवणाऱ्या नटाशिवाय) केबल घातली, दाराचं रबर तुटलं, खालच्या प्लेटला जादाची भोकं राहिली, की रुई, डाळीचा भुसा, लोखंडाची पापडी सगळं आत. वाळूजच्या एका शेडमध्ये तर एलिमेंटच्या आत मुंग्या निघाल्या होत्या. टिकल्यांच्या मधे चिरडलेल्या, त्यांचाच काळा थर साचलेला. कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलंही बघितलंय. केबल खालून घ्या, आत येण्याआधी तिला एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळावरून टपकेल, जादाची भोकं बुजवा.

दुसरा खुनी म्हणजे ढिला स्क्रू. ढिल्या जोडाला गरमी येते, प्लास्टिक तपकिरी होतं, मग स्प्रिंग मऊ पडते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधलं पॅनल तसंही तापलेलंच असतं.

तिसरा आहे तो सांगितला की लोकांना राग येतो. खंडेनवमीला पॅनलची पूजा करतात, करावी. हळदकुंकू दारावर लावा, हार हँडलला घाला. पण बटणाच्या डोक्यावर कुंकू चोळू नका आणि नारळ पॅनलपासून लांब फोडा. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात दर वर्षी आमच्याकडे चिकट झालेली बटणं येतात. डोक्याच्या कडेला लाल रेघ बघून मी काही विचारत नाही.

पॉलिश पेपरने घासून, स्प्रे मारून चालवता येईल का?

पॉलिश पेपर नको. टिकल्यावरचा चांदीचा थर पातळ असतो, घासला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढचा बिघाड आठवड्यात. चांदी काळी दिसते म्हणून ती खराब झाली असंही नाही, थोडा काळेपणा एसी कॉइलच्या सर्किटला त्रास देत नाही.

काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे रात्रीची पाळी काढायला ठीक. रॉकेल, मोबिल ऑइल, खोबरेल (हो, खोबरेल!) अजिबात नको. तेलावर धूळ बसते आणि तिची पेस्ट होते. जिनिंगवाल्यांनी कॉम्प्रेसरची हवाही मारू नये, रुई बाहेर येण्याऐवजी एलिमेंटच्या आत जाते. ब्रश आणि व्हॅक्युम बरा.

बदलायची पद्धत काय? आमच्याकडे पूर्णवेळ इलेक्ट्रिशियन नाही.

मग परवानाधारक वायरमनला बोलवा. त्याने नीट केलं की नाही हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.

मेन बंद करून त्याला कुलूप आणि चावी खिशात. त्यानंतरही टेस्टरने प्रत्येक स्क्रू तपासायचा, कारण इंटरलॉकचा (दोन मशीन एकमेकांशी बांधणाऱ्या सर्किटचा) फेज पुष्कळदा शेजारच्या पॅनलमधून आलेला असतो आणि आपला मेन पाडला तरी तो जिवंत राहतो. आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींच्या अंगठ्यावर त्याची खूण आहे. मग मोबाइलवर फोटो, वायरींवर नंबराचे फेरूल (नळीसारखे टॅग) नसतील तर चिकटपट्टीवर लिहून घ्यायचं. स्क्रू सोडायचे, खटका उचलायचा, जुना ठोकळा काढायचा. नवा त्याच जागेवर बसवायचा. तीन जागांच्या कॉलरवर डावी-उजवी जागा बदलली तर साध्या बटणाला फरक पडत नाही, पण सिलेक्टर स्विचला पडतो. काही सिलेक्टर एका बाजूला फिरवले की एकाच बाजूचं एलिमेंट दाबतात.

वायरीच्या टोकाला लग (दाबून बसवायचं धातूचं टोक) हवी, उघड्या तारांचे केस बाहेर नकोत. स्क्रू कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळायचा, बऱ्याच मालिकांना तो ०.८ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नाही. शेवटी ठोकळा बोटांनी ओढून बघायचा. निघाला नाही म्हणजे बसला. मग सप्लाय देऊन आधी स्टॉप तपासायचा, मग स्टार्ट.

एका बटणामागे किती एलिमेंट लावता येतात?

कंपनी सांगेल तेवढेच. आडवे तीन आणि काही मालिकांत त्यांच्यावर आणखी एक थर. दर ठोकळ्यागणिक दाबायचा जोर वाढतो. सहा एलिमेंट लावलेलं बटण दिवसभर दाबणाऱ्या बाईचा अंगठा दुखायला लागतो, म्हणून जास्त काँटॅक्ट लागत असतील तर एक रिले घ्या.

दिव्याच्या बटणात एलईडी बंद असतानाही मंद पेटतो. शॉर्ट आहे का?

बहुधा नाही. लांबच्या केबलमध्ये शेजारच्या वायरीवरून किंचित व्होल्टेज चढतं आणि एलईडीला तेवढं पुरतं. जुन्या फिलामेंटच्या बल्बला ते दिसायचंही नाही. बदलताना व्होल्टेज मात्र वाचा. २४ व्होल्टचा ठोकळा २३० वर लावला की तो एकदाच पेटतो.

डुप्लिकेट माल कसा ओळखायचा?

छपाई बघा. खऱ्या मालावर एसी-१५, डीसी-१३ आणि आयईसी ६०९४७-५-१ अशा खुणा सुबक उमटलेल्या असतात. नकली मालावर नुसतं "१० ए" ठळक. स्क्रू हातात घेऊन दोनदा आवळून सोडा, नकलीची आटी तिथेच जाते. दांडी दाबून सोडल्यावर खऱ्यात ती तडक वर येते, नकलीत रेंगाळते. मुंबईच्या लोहार चाळीतून मागवा किंवा गावातून, बिल घ्या. बिल द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा.

किती स्पेअर ठेवावेत?

जिनिंग आणि साखर कारखान्यांनी दसऱ्याच्या आत, हंगाम सुरू व्हायच्या आधी. वीस बटणांच्या प्लँटला एनओ तीन, एनसी तीन, इमर्जन्सीचं पूर्ण बटण एक, असा माझा अंदाज. कॉलरही दोन ठेवा, कारण ऐनवेळी खटका तुटतो आणि कॉलर सुटी मिळत नाही. डबा स्टोअरमध्ये नको, पॅनलजवळ हवा. रात्री दोन वाजता स्टोअरची चावी घरी असते.

जुन्या एलिमेंटमधली चांदी विकता येते का?

हा प्रश्न खरंच येतो, आणि दर वेळी वेगळ्या गावातून. टिकल्यात चांदी असते, पण किरकोळ, मिश्रधातूतली. पोतंभर एलिमेंट फोडून चहापाण्यापुरतं मिळालं तर मिळालं. भंगारवाला प्लास्टिकसकट किलोवर नेतो तेच बरं.

मी मात्र दोन-चार बाजूला काढून ठेवतो. आयटीआयची पोरं प्रशिक्षणाला येतात तेव्हा टेबलावर ठेवायला. एक चिरडलेल्या मुंग्यांचं, एक डीसी सोलेनॉइडवर टिकला पार वितळलेलं, आणि जिनिंगमधलं ते तिसरं, ज्यात काहीच बिघडलेलं नाही. पोरं पहिली दोन लगेच ओळखतात. तिसरं हातात घेऊन दांडी दाबतात, बझर लावतात आणि म्हणतात, "सर, हे तर चांगलंय."

मग मी कॉलर पुढे करतो.